बझर वाजत नाही

सोमवार
आलो एकदाचा लेकीकडे. वरच्या मजल्यावर छान उजेडाची खोली दिलीय. खाली जावयांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, लेकही तिथेच तारांना कथलाचा डाग द्यायला बसते. मला जिना उतरवत नाही, म्हणून जावयांनी उशाशी भिंतीवर एक डबी बसवली. हिरवा दिवा, एक बटण. म्हणाले, आत छोटी टाकी आहे असं समजा, ती विजेनं हळूहळू भरते. बटण दाबलं की रिकामी होते, दिवा क्षणभर विझतो. दिवसा तासभर दाबलं नाही तर टाकी भरून खाली बझर ओरडतो, मग आम्ही धावत वर. मी म्हटलं, म्हणजे जिवंत असल्याची हजेरीच की. लेक रागावली. मला मात्र धीर आला. गुडघे बेभरवशाचे.

मंगळवार
एकदा मुद्दाम दाबलं नाही. खात्री नको? लेक हातातल्या पकडीसकट वर. "बाबा, पुन्हा असं केलंत तर तुम्हालाच दुकानात टांगून ठेवीन." चहा मात्र दिला.

गुरुवार
दुपारी डोळा लागला. उठलो तर उन्हं उतरलेली. बटण दाबलेलं नाही, तरी बझर नाही. जावई वर आल्यावर सांगितलं. त्यांनी डबी उघडून पाहिली, सगळं ठीक. म्हणाले, झोपेत हात लागला असेल. पण उठून बसल्याशिवाय माझा हात तिथवर पोचतच नाही.

शुक्रवार
दाराशी खुर्ची टाकून डबीकडे बघत बसलो. बटण आपोआप आत गेलं. बोटानं दाबल्यासारखं. दिवा विझला, लागला.
लेकीला सांगितलं. तिनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, ही खोली सासूबाईंची. इथेच पडल्या, दुपारभर पडून राहिल्या, पण हाक मारली नाही. मुलाच्या कामात खोळंबा नको, असा स्वभाव. त्या गेल्यावर यांनी ही डबी केली. यांना काही बोलू नका म्हणाली, आधीच मनाला लावून घेतलंय.

शनिवार
दुसरी खोली मागितली. उद्या सामान हलवू म्हणाले, आज गिऱ्हाईकं फार.
मी हात उचलायच्या आत बटण दाबलं जातं. हलकेच. माझीच काळजी असल्यासारखं —

शनिवार, दुपार
पडलो. पलंग नि भिंतीच्या मधे. पाय हलत नाही. वही खिशात होती म्हणून —
हाका मारल्या. खाली रेडिओ मोठ्यानं लावलेत.
असू दे. बझर वाजेल. लेक येईल.

वेळ होत आली.

दिवा विझला. लागला.

नको हो विहीणबाई. माझी लेक आहे ती, तिचा खोळंबा झाला तर होऊ द्या —

परत विझला

तोंडावर हात — गार — गप्प राहा म्हणून थोपटतायत — मी हाक मा