गिरवलेलं अक्षर

बेंबळी, एप्रिल १९४८

जैनोद्दीन मास्तरांना नीलम्माचा नमस्कार.

सालाना परीक्षेचा निकाल आज लागला. मी पहिली आले. नव्या मास्तरांनी माझा पेपर हातात धरून विचारलं, "असं देखणं अक्षर कुणाकडून उचललंस?" मी पेपर घडी करून दप्तरात ठेवला.

चार वर्षं तुमच्याच अक्षरांवर गिरवलं, दुसरं वळण हाताला येतच न्हाय. म्हणूनच, चावडीच्या भिंतीवर "निजामाला सारा देऊ नका" मी लिहिलं, तरी पोलिसांच्या अमीनानं तुमच्या वह्यांशी अक्षर ताडून तुम्हालाच धरलं. पोरीवर कुणाचा संशय जाणार? तुम्ही भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणालात, "हौ साब, मैंच लिख्या." बेड्या पडल्यावर मला एवढंच म्हणालात, "इम्तिहान चुकवू नको."

चुकवला न्हाय, मास्तर.

तुमच्या ताहेराबी आज जेलात तुम्हाला भेटायला निघाल्यात. माझी चिठ्ठी मागतात. तिथं प्रत्येक चिठ्ठी उघडून बघतात. हे अक्षर अमीनापुढं गेलं तर तुम्ही सुटाल अन् मी अडकेन.

त्या दारात उभ्या आहेत. "लिहून झालं का गं?"

मी म्हणाले, "न्हाय, चाची. तोंडीच सांगा, पहिली आली म्हणून."

तुमच्या हाताखालची,
नीलम्मा