वाघुरीबाहेरची

८ डिसेंबर

आज कामावर आले. न्हावऱ्याहून सकाळच्या एसटीने केडगाव चौफुल्याला उतरले, तर ज्यांच्या घरी काम आहे ते मच्छिंद्र मामा मोटरसायकल घेऊन आधीच उभे. बॅग त्यांनी टाकीवर घेतली. वाटेत म्हणाले, उसात बिबट्या हाय, पण तुम्ही भिऊ नका, तो शिकलेल्यांना खात न्हाई. मी खूप हसले. राहू गावाच्या अलीकडे त्यांची वस्ती आहे. भोवती ऊस, मध्ये पक्कं घर, अंगणात सीताफळाचं झाड. मला आतली खोली दिली, पंख्याची. आमच्या घरी एका खोलीत पाच जण झोपतो. जरा ओशाळल्यासारखं झालं.

गिताबाई म्हणजे मामांची आई. मी त्यांना आजी म्हणते. दिवाळीआधी त्यांना झटका आला. उजवा हात चालत नाही आणि शब्द सापडत नाहीत. दौंडच्या डॉक्टरांनी मला समजावून पाठवलंय. वस्तू कळते, तिचा अर्थ कळतो, नाव तेवढं हरवतं. आपण नाव सांगायचं नाही. काय असतं, कुठे असतं, कशाला लागतं, एवढं विचारत राहायचं. अर्थाच्या मागोमाग शब्द येतो.

सगळ्यांचं झाल्यावर जेवावं म्हटलं, तर सुलक्षणा मामींनी मलाच आधी वाढलं. बाजरीची भाकरी, वांगं, वर तूप. मी सांगितलं, माझं नाव पूनम. पुनवेला जन्मले म्हणून वडील पुनव म्हणायचे, शाळेत गुरुजींनी पूनम लिहिलं. आमच्यात शाळेत गेलेली मी पहिली. मामी म्हणाल्या, खा गं बाई, गार होतंय.

नर्सिंगच्या मॅडम म्हणायच्या, पेशंटच्या पहिल्या हाकेला उठते ती नर्स. आई म्हणते, तिन्हीसांजेला एका हाकेला ओ देऊ नये, तीनदा हाक आली तरच द्यावी. मी मॅडमचं ऐकते.

११ डिसेंबर

आज कात्रीचं चित्र दाखवलं. आजी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, मेंढराला... भादरायचं... न्हाव्याचं न्हवं. मी विचारलं, मेंढराचं काय काढतात? लोकर. कशानं? आणि एकदम ओरडल्या, "कातर!" आनंदाने डाव्या हाताची चापट मारली मला. जोरात लागली. रडूच आलं मला, पण चांगलं.

या घरात पूर्वी मेंढरं होती. आजी लग्न होऊन आल्या तेव्हा रानोमाळ हिंडल्या. आता सगळा ऊस आहे.

संध्याकाळी मामांनी एवढंच विचारलं, आई आपल्या आपण कुठला शब्द हुडकती का? मी नाही म्हटलं. म्हणाले, हुडकंल. हुडकला की मला सांगा.

किती काळजी आहे त्यांना आईची.

१५ डिसेंबर

आज चित्र न दाखवताच आजी बोलल्या. "एक मेंढी असती. वाघुरीच्या भायेर. तिला... तिला काय म्हनत्यात?"

वाघूर म्हणजे रात्री कळपाभोवती लावायची जाळी. मी विचारलं, लंगडी? म्हातारी? पुढे चालणारी? प्रत्येकाला मान हलवली. शेवटी चिडून भिंतीला हात आपटला.

मामांना सांगितलं तर ते चप्पल न काढताच आत आले. आई काय काय म्हणाली ते सगळं दोनदा विचारलं. म्हणाले, तो शब्द घरातल्या बाईलाच ठावं असतो, सासूनं सुनंला सांगायचा. सुलक्षणाला सांगायच्या आधी आईला झटका आला. बाळ व्हायच्या आधी तो म्हणायची रीत हाय, आन् आमची नीलम बाळंतपणाला येणार. मला वाटलं, ओवीसारखं काहीतरी असेल. म्हटलं, मामा, मी आणते तो शब्द परत.

असं बोलायला नको होतं. नाही जमलं तर?

१९ डिसेंबर

थकले. सकाळी औषधं, अंघोळ, हाताचा व्यायाम, आणि दिवसभर तो एकच शब्द. डोळे मिटले तरी त्याचाच अर्थ दिसतो. आतापर्यंत आजींनी सांगितलं ते असं: ती मेंढी कळपातली नव्हे, बाहेरून आणलेली. कोकरं व्हायची असली म्हणजे आणायची. सगळ्यांच्या आधी तिला खाऊ घालायचं. तिची लोकर कातरायची नाही.

लांडग्यासाठी का, असं विचारलं. आजी म्हणाल्या, लांडगा न्हाई. बिबट्या विचारला. तेही न्हाई.

दुपारी मामींनी माझ्या केसांना तेल लावलं. टोकं फुटलीत म्हणून मी कात्री मागितली, तर म्हणाल्या, हितं हायेस तवर केसांना कातर लावू नगंस. मग वेणी घालता घालता हळूच म्हणाल्या, "न्हाई आठवला तर न्हाई आठवला. कशाला कोरतीस गं म्हातारीला?"

वाईट वाटलं. माझं काम त्यांना आवडत नसावं. उद्यापासून जास्त वेळ बसेन.

२३ डिसेंबर

नीलमताई आल्या. नववा लागलाय. पंख्याची खोली त्यांना दिली, ते बरोबरच आहे. मी आता अंगणापलीकडच्या खोलीत, जिथे मोटारीचे पाईप ठेवतात.

मामांनी दोन माणसं लावून घराभोवती तारेची जाळी उभी केली. बिबट्यासाठी सगळेच लावतात. चहा देताना बघितलं, जाळी माझ्या खोलीच्या अलीकडूनच वळली आहे. मामा म्हणाले, जाळी कमी पडली, आणू.

आजी आता शब्दाचं नाव काढलं की रडतात. भिंतीकडे तोंड करतात. मी सोडलं नाही. अर्धं काम टाकणं मला जमत नाही. शेवटी म्हणाल्या, "बाकीच्यास्नी नावं असत्यात. ढवळी, बांडी, चांदी. तिला न्हाई. तिला नावानं हाक मारायची न्हाई."

२७ डिसेंबर

या घरात मला कोणीही नावाने हाक मारलेली नाही. अहो. बाई. अगं.

दिवसभर मागचं आठवत बसले. एकदाही नाही.

नीलमताईंना विचारलं, माझं नाव काय सांगा. चेष्टाच केली म्हणा. त्यांनी आईकडे बघितलं. मामी उठून चुलीपाशी गेल्या. पदर डोळ्याला.

संध्याकाळी कुत्रं खाटेखाली शिरलं, भुंकलं नाही. वारा नव्हता. उसात काहीतरी उभं होतं. बिबट्या असा उभा राहत नाही.

जाळी अजून तिथेच आहे.

३० डिसेंबर

आईला फोन लावला. कोन बोलतंय, म्हणाली. मी हसले. परत म्हणाली, कोन पायजे तुमाला? नाव सांगायला तोंड उघडलं आणि —

आईने ठेवून दिला.

१ जानेवारी

बॅग भरली. मामा म्हणाले, बाळंतपण होऊ द्या, मग मीच सोडतो. चालत निघाले. अर्ध्या वाटेवर उजवीकडचा ऊस माझ्याबरोबर चालायला लागला. मी थांबले. थांबला.

परत आले. आजींची दुपारची गोळी राहिली होती.

मामींनी मलाच आधी वाढलं.

२ जानेवारी

आजींसारखंच झालंय. अर्थ आहे, शब्द नाही.

विचारत राहायचं. काय असतं? रात्र असते. कुठे असतं? आकाशात, गोल. कधी? महिन्यातून एकदा. त्या रात्री मी जन्मले, वडील त्यावरून मला —

पहिलं पान काढलं. पूनम, असं लिहिलंय. पुन्हा पुन्हा वाचलं.

कुणाचं तरी चांगलं नाव आहे.

३ जानेवारी

नीलमताईंना कळा. दौंडला न्या म्हणून सांगितलं. मामा गाडी काढेनात. आजींच्या उशाशी बसून एकच, "आई, शब्द. आधी शब्द."

मी आजींच्या कानाशी गेले. म्हटलं, नका आठवू. राहू द्या. आता मी विचारत नाही.

त्यांनी डावा हात माझ्या गालावर ठेवला. रडत होत्या. ओठ दाबून धरले होते. आणि तो आला. कात्रीसारखाच, एकदम. लहानसा शब्द.

मी ओ म्हणाले. पहिल्या हाकेला.

सगळ्यांना घेऊन गाडी गेली. आजींनाही उचलून नेलं. मामांनी जाळीच्या दाराला कुलूप घातलं, माझ्याकडे बघितलं नाही. मामींनी बघितलं.

तिन्हीसांज झाली. दाराला आतून कडीच नाही, आज बघितलं. चंद्र आलाय उसावर. गोल. याला काहीतरी म्हणतात.

ऊस बाजूला होतोय —

तोच शब्द. बाहेरून. आजींचा आवाज नाही.

ओ द्यायची नाही. आईने सांगितलंय.

दुसऱ्यांदा. जवळून. किती दिवसांनी कुणीतरी मला नावाने — किती बरं —

तिसऱ्यां