एक सुई, एक बाटली

१४ जून १९५४
आजपासून सिगारेट बंद. आजपासून रिसर्च सुरू.
बोधनकरचा हुकवर्म जंतांवरचा पेपर छापून आला. बोधनकर! माझा वर्गमित्र, माझ्याच नोट्सवर पास झालेला. त्याला नागपुरात लॅबोरेटरी आहे. मला वाशीमच्या बाजूला एक दवाखाना, एक कंपाउंडर आणि पाऊस पडला की दगडांखालून निघणारे विंचू. ठीक आहे. विंचू तर विंचू.

१५ जून
योजना पक्की. विंचवाच्या रोग्यांसाठी माझ्याकडे दोन उपाय आहेत: कॅल्शियमची सुई, नाहीतर ब्रोमाइड मिक्स्चरची बाटली. खरा कोणता, हे माझ्या एकाही पुस्तकात धड दिलेले नाही. आता पहिल्या रोग्याला सुई, दुसऱ्याला बाटली, तिसऱ्याला पुन्हा सुई. वशिला नाही. दिवाळीच्या कॉन्फरन्सला मी उभा राहीन आणि बोधनकर खाली बसून ऐकेल.
कंपाउंडर जानरावांना नियम समजावला. पाळी येईल ते औषध. रोग्याला प्रश्न विचारायचे नाहीत, अंग तपासायचे नाही. तपासले की डॉक्टरचे मन एका बाजूला झुकते. जानराव म्हणाले, "कुठी चावला, हेबी इचाराचं नाई काय?" नाही विचारायचे.

२ जुलै
गावाला नियम कळला. बाहेर लिंबाखाली लोक "सुईची पाळी, बाटलीची पाळी" असे बोलतात. सुईवर यांची भक्ती. बाटली म्हणजे रंगवलेले पाणी, असे यांचे मत. अडाणीपणाला औषध नाही.
काही जण अजून रामकिसन मांत्रिकाकडे जातात. त्याची तऱ्हा अशी की निरोप घेऊन येईल त्यालाच मंतरलेले पाणी पाजायचे. रोगी तिकडे घरी बरा होतो म्हणे. पोट धरून हसलो. सिगारेट एकच ओढली, तीही विचार करण्यासाठी.

११ जुलै
समोरच्या गल्लीतली म्हातारी, चतुराबाई, विंचू चावला म्हणून आली. बाटलीची पाळी. घटाघटा प्याली, पदराने तोंड पुसले आणि चालू लागली. काय गुण! तिच्या मागोमाग रिठद गावचा एक गडी बैलगाडीतून आणला. घामाने निथळत होता, हातपाय गार. सुईची पाळी. संध्याकाळपर्यंत त्याची नाडी धरून बसलो. वाचला, पण फार छळले त्याने.

२५ जुलै
चतुराबाई पुन्हा. हिच्या घरी विंचवांचे माहेर असावे. येताना डावा पाय ओढत होती, जाताना उजवा. वेदना एका पायातून दुसऱ्यात सरकते, हे निरीक्षण नवे आहे. पेपरात फुटनोट द्यावी.
जानराव सांगायला आले, "सायेब, त्या मातारीचं असं हाये का..." मी हात वर केला. नियम म्हणजे नियम.

३१ ऑगस्ट
सुईवाल्यांपैकी आधी दोघे गेले होते, आज तिसरी. बाळंतीण होती. तिचा नवरा तान्ह्याला मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिला. मला जेवण गेले नाही.
बाटलीवाल्यांत मात्र एकही मृत्यू नाही. एकही! चालत येतात, चालत जातात; एक तर तंबाखू मळतच आत आला होता. मन घट्ट करून लिहितो: सुई मारते, बाटली तारते. आता सुई देत राहणे पाप. आजपासून सगळ्यांना बाटली. सुया कपाटात, किल्ली माझ्या खिशात. बोधनकरच्या हुकवर्मने आजवर एक तरी जीव वाचवला असेल का?

१ सप्टेंबर
सकाळी चतुराबाई बाटली पिऊन गेली. तिच्या पाठोपाठ गावातलाच जगदेव आला, खांद्यावर त्याची पोरगी वच्छी. आठ वर्षांची. आईबरोबर शेतात निंदायला गेली होती, तिथे विंचू चावला. अंग ओलेचिंब, उलट्या, छाती भात्यासारखी हलत होती.
मी बाटली काढली. जगदेव म्हणाला, "सायेब, आता सुईची पाळी हाये. बाटली तं मंघाशीच गेली." मी त्याला शांतपणे समजावले की सुईने माणसे गेली, बाटलीने एकही नाही. त्याने पोरीचे तोंड धोतराच्या सोग्याने पुसले. मग म्हणाला, "तुमी शिकेल मानसं. तुमी म्हंता तं द्या."
चमच्याने पाजली. अर्धी बाहेर आली. पुन्हा पाजली.

२ सप्टेंबर
वच्छी गेली. उजाडता उजाडता.
मी जगदेवला म्हणालो की बाटलीवर असे आजवर एकदाही झाले नव्हते. तेव्हा तो बोलला. "कसं होईन, सायेब? बाटली पेनाऱ्याले इचू चावेलच नोता."
म्हणजे असे की ज्याला खरोखर विंचू चावायचा, त्याचे लोक पुढे एक धडधाकट माणूस पाठवायचे. त्याने बाटलीची पाळी पिऊन टाकायची, म्हणजे मागून येणाऱ्या रोग्याला सुई. रामकिसनकडे निरोप्याने पाणी प्यालेले चालते, मग दवाखान्यात का चालणार नाही? चतुराबाई शेजारधर्म म्हणून प्यायची. "आमाले वाटलं, तुमाले ठावं हाये," जगदेव म्हणाला.
चतुराबाई भिंतीशी बसून कपाळ बडवून घेत होती. मला तिच्यासमोरून जाववेना. मागच्या दाराने घरी आलो.

३ सप्टेंबर
गावाने मला फसवले. जानरावांनी ठासून सांगायला हवे होते. शास्त्रात माझी चूक कुठेच नाही.
(संध्याकाळी) वरचे वाचले. लाज वाटली. खरोखर विंचू चावलेले सगळे सुईवर होते. त्यातले तिघे गेले, बाकीचे वाचले. बाटलीवर खरी रोगी एकच, वच्छी. तुलना करायला काही उरले नाही. पेपर चुलीत घातला. सिगारेटचे पाकीट संपले.

१२ सप्टेंबर
जगदेव आला. आत ये म्हटले तरी दारातच उभा राहिला. म्हणाला, "सायेब, एकच इचारतो. सुई देली असती तं वाचली असती काय माही पोरगी?"
मी म्हणालो, नाही. विष फार चढले होते. सुईनेही वाचली नसती.
त्याने मोठा श्वास सोडला. "बरं झालं सांगतलं. तिची माय मले रोज म्हनून राह्यली का सुईसाठी भांडला काहून नाई. आता तिले सांगतो." मग हात जोडून गेला.
वाचली असती का, ते मला माहीत नाही. तेच कळावे म्हणून तर हे सारे मांडले होते.