खिडकीबाहेरची टोळी

४ मार्च, सोमवार
पुन्हा तक्रार! गिझर कंपनीचे फोन मी घरूनच घेते; आज गिझर बंद पडला म्हणून एक बाई फोनवर रडकुंडीला आलेल्या. मी त्यांना बटण समजावून सांगतेय, तर म्हणतात, "तुमच्या मागे काय बाजार भरलाय का?" माफी मागितली. फोन ठेवल्यावर पुन्हा एकदा मागितली — कुणाची, कोण जाणे.

पोपट! समोरच्या झाडावर अख्खी टोळी. हेडफोन घातला की मला बाहेरचं काहीच ऐकू येत नाही, पण काढला की कान किटतात. माझ्या घरात बसून माझीच नोकरी खाताहेत!

५ मार्च
टीम लीडर बाई म्हणाल्या, "मागचा गोंधळ थांबवा. आणखी एक तक्रार आली तर तुम्हाला कायम करणं माझ्या हातात नाही."

आमच्या घरात शाळा पुरी केलेली मी पहिलीच. मी खुर्चीत बसून, नुसतं बोलून पगार आणते याचं आईला अजून नवल वाटतं. आणि ही खुर्ची जाणार कशामुळे, तर पोपटांमुळे! कुणाला सांगायचीही सोय नाही.

७ मार्च
शेजारच्या काकूंना हात जोडले — कठड्यावर दाणे टाकू नका.

"अगं, मी नाही टाकले तर ते काय गाव सोडून जाणारेत? तुझ्या गिझरवाल्यांनाच सांग, गार पाण्याने आंघोळ करा म्हणावं!"

खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. जाड पडदा लावला. उकडून जीव जातोय.

८ मार्च
बाबांचा तर रागच येतो. कारखान्यातली नोकरी सुटल्यापासून दुपारभर गॅलरीत, माझ्या खिडकीला लागून बसलेले. म्हटलं, "बाबा, नोकरी जाईल हो माझी!" तर म्हणाले, "मी आहे ना इथे. तू बोल निवांत."

निवांत!

नंतर वाटलं, फार चढा आवाज लागला माझा. जेवताना त्यांच्याकडे बघवेना.

११ मार्च
आलीच तक्रार. उद्या बाई मला माझ्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकवणार आहेत.

१२ मार्च
ऐकलं. पोपट आहेत, पण लांब. अगदी जवळ ताटलीवर चमचा बडवल्याचा आवाज, आणि बाबा — "हाऽड! गप्प बसा रे! लेक ऑफिसचं बोलतेय माझी!" मी बोलायला लागले की सुरू. मी थांबले की बंद. प्रत्येक फोनला.

"कोण आहेत हे?" बाईंनी विचारलं.

"माझे वडील."

त्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं. मग म्हणाल्या, "आठवडाभर बघते. पण आता एकसुद्धा तक्रार नको."

बाबांची खुर्ची उचलून माझ्या टेबलाशेजारी आणली. म्हटलं, "आता आत बसून लक्ष ठेवायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही."

"आणि ते ओरडले तर?"

"ओरडू देत, बाबा."