भिंतीमागचं पिलू

बोळिंज, ३ नोव्हें. १९९९
रिटायर होऊन तीन महिने. जेवून गॅलरीत पडलो. डोळा लागतो न लागतो तोच मागच्या भिंतीपलीकडे, झुडपावर ती फुलपाखरं. रुपयाएवढी. रंग शिजलेल्या कोळंबीचा, काठ काळा. जागेपणी बघितली की झोपेत, देव जाणे. सौ. म्हणते, "घोरत होतात."

५ नोव्हें.
झोपेत नव्हे! भिंत ओलांडून गेलो (या वयात!). जनीबाय भेटली, सगळा जन्म मिठागरात गेलेली. म्हणाली, "पिलू म्हनतात या झाडाला, भाऊ. खाऱ्या, सुक्या जमिनीतलं. हे पाखरू त्याच्याबिगर अंडी घालीत नाय." आसपास दुसरं पिलू दिसलं नाही.

१३ नोव्हें.
दुपार कुठे जाते कळत नाही. लांब उडतच नाहीत, झुडपाभोवतीच तरंगतात. मीही त्यांच्यात कुठेतरी. पस्तीस वर्षं ऑफिसात घासली, पण असं काही... असो.

१९ नोव्हें.
रविवारी सोसायटीची सफाई. मागचं रान काढणार. सेक्रेटरी भेटले नाहीत. आम्हाला उद्या पेणला जायलाच हवं, सौ.च्या भाचीचं लग्न. खाली फळ्यावर ठळक लिहिलं : 'भिंतीमागे पिलू आहे. त्याला हात लावू नये.' निश्चिंत झालो.

२२ नोव्हें.
परतलो. भिंतीमागे लख्ख मोकळं.
सेक्रेटरी उत्साहात : "काका, तुमचं पिलू तासभर शोधलं हो! मिसेसनी दूधसुद्धा ठेवलं. मांजरी उचलून घेऊन गेली असेल. मगच साफ केलं."
तोडलेल्या बुंध्याशी दुधाची वाटी. चांगली माणसं. अरे गाढवा, 'झाड' एवढी दोन अक्षरं लिहायला काय झालं होतं तुला! रडू आलं. कापलेल्या झाडोऱ्याच्या ढिगातून ताज्या अंड्यांच्या फांद्या वेचल्या, बादलीत पाण्यात उभ्या केल्या.

२३ नोव्हें.
रिकाम्या जागेत, झुडूप होतं तेवढ्याच उंचीवर, ती अजून फिरतायत. बघवत नाही.

२५ नोव्हें.
अंडी फुटली. दोऱ्यासारख्या अळ्या. पानं सुकत चालली, फार तर उद्यापर्यंत. सौ. पाणी शिंपडते. जनीबायला गाठलं. "खाडीपल्याड एक पिलू होता. आता हाय का नाय, ठाव नाय. पानी उतरलं का जाऊ."
भरती आहे. चपला घालून जिन्यात बसलोय.