ताट धरलं की चित्र येतं

सोमवार, ९ मार्च
पुन्हा चौकोन! बातम्या देणारीचं नाक एकीकडे, कपाळ दुसरीकडे. हे गेल्यापासून ह्यांचा कॉम्प्युटर मला टीव्ही दाखवायला तयार नाही. आत लिनक्स, त्यात टीव्हीचं कार्ड — सगळं ह्यांनीच बसवलेलं. आणि येत्या रविवारी तो जुना चर्चेचा कार्यक्रम पुन्हा लागणार. हे त्यात प्रेक्षकांत बसले होते. फोटो ढीगभर आहेत. हलणारे हे कुठेच नाहीत.

मंगळवार, १०
कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप केली. उत्तर आलं — सिग्नल आहे, लॉक नाही. शब्दकोश काढला. लॉक म्हणजे कुलूप. कुलूप नाही तर चोरी व्हावी, चित्र का जावं?
इंटरनेटवर एका सद्‌गृहस्थाने लिहिलं, "आधी अँटेना बघा." बघितली. मग आठवलं! तिच्यामागे ह्यांनी स्टीलचं ताट बांधलं होतं. साफसफाईत मी ते सोडवून, लख्ख घासून मांडणीत लावलं.

गुरुवार, १२
घरातली सगळी ताटं बांधून झाली. चौकोनच.

शनिवार, १४
जमलं! बांधून नाही — मी हातात धरलं की चित्र स्वच्छ. सोडलं की गेलं. पण अँटेना कपाटामागे. तिथे स्टुलावर चढायचं तर तोंड भिंतीकडे. म्हणजे चित्र असेल तेव्हा मी नाही, मी असेन तेव्हा चित्र नाही!
लेक फोनवर म्हणाली, "आई, रेकॉर्ड कर ना, नंतर बघ." डिस्क भरलीय. ह्यांनी साठवलेले हवामानाचे अंदाज. जुने, बहुतेक चुकलेले. "मग पुसून टाक ते!" नाही पुसवत.
शेजारणीला बोलावलं. तिने ताट धरलं तर काहीच नाही. "भाऊजींचा माझ्यावर विश्वास नाही," म्हणाली. मग मी धरलं, तिने चष्मा पुसपुसून पडदा न्याहाळला — त्याच्याशिवाय तिला स्वतःचं दार सापडत नाही. शेवटी ठरलं : मी धरणार, ती बघून सांगणार.

रविवार, १५
मी स्टुलावर, ताट हातात. शेजारीण पडद्यासमोर.
"दिसले का?"
"थांब गं, घाई काय… दिसले! दुसऱ्या रांगेत!"
"काय करताहेत?"
"कान खाजवताहेत."
तेच! अगदी तेच!
"शेजारच्याला काहीतरी सांगताहेत. आता हसले. अगं, इकडेच बघताहेत, थेट!"
ताट पडता पडता राहिलं. शर्ट कुठला, विचारलं. निळा, म्हणाली, कॉलर ताठ, इस्त्री तुझीच दिसतेय.
भिंतीकडे तोंड करून पोटभर रडले. भिंतीचा तेवढा तरी उपयोग.

सोमवार, १६
शेजारीण दारात. "माझा चष्मा इथे राहिलाय का गं? शनिवारपासून शोधतेय."
कॉम्प्युटरमागे होता. पदराने पुसून दिला.
म्हटलं, पुढच्या रविवारीही ये. ताट मी धरते.