उंटअळीचं माप

३ जून
अखेर स्वतःची खोली, स्वतःचं टेबल आणि खिडकीबाहेर झाड. अळ्या वाढवायच्या केंद्रात आज रुजू झाले. इथल्या पतंगांची कुळं आणि त्यांच्या अळ्या यांचं पुस्तक मला करायचंय. आधीच्या बाई काम अर्धवट टाकून गेल्या म्हणे. जे केलंय तेही दिव्यच. झाडाला काटक्यांचं एक लांबलचक गाठोडं लटकतंय. कचरा टाकायलाही यांना जागा सापडत नाही.

५ जून
शेपटाशी शिंग मिरवणारी अळी ससाणा-पतंगाची. नुसता रुबाब, नांगी नाही. केसाळ अळ्या वाघ-पतंगांच्या. पिशवी-पतंगाची अळी रेशमात काटक्या गुंफून अंगाभोवती पिशवी शिवते. मादीला पंखच फुटत नाहीत. मेली जन्मभर पिशवीत लोळते.

८ जून
संध्याकाळी निघताना इथे सगळे एकमेकांचे कपडे झटकतात, साहेबसुद्धा. का, तर उंटअळी पायापासून डोक्यापर्यंत चालून गेली की माणसाचं माप घेते, आणि माप गेलं की पिशवी शिवली जाते. साहेब म्हणाले, हसायचं तर हसा, पण झटकून घ्या. एवढी डॉक्टरेट मिळवून ही अक्कल. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

९ जून
आज सगळ्यांदेखत उंटअळी पायाच्या अंगठ्यावर सोडली. कमान करत, सरळ होत ती वर चढली. कपाळाशी आली तेव्हा पाला घालणाऱ्या मावशी झटकायला धावल्या. मी त्यांचा हात धरून ठेवला. साहेब म्हणाले, आधीच्या बाईंनीही असाच धरला होता. अळी भांगात पोचली. मी पोटभर हसले.

१२ जून
उठले तर गाऊनवर काटक्या, रेशमाने टाचलेल्या. मावशींचाच उपद्व्याप. दार आतून बंद होतं, पण अशा लोकांना सतरा वाटा.

१४ जून
कापून काढलं तरी पुन्हा तेच. बाह्या कातडीला शिवल्यात. साहेब दारातूनच म्हणाले, माप गेल्यावर झटकून उपयोग नाही. भेकड मेला. मावशी बाहेर रडतायत. मला भीती वाटतेय. लिहायला लाज वाटते, पण वाटतेय.

१५ जून
झाडावरचं गाठोडं हललं. वारा नव्हता. वरच्या तोंडातून केस — चष्मा — आधीच्या बाई पाला खात होत्या —

१६ जून
पाय एकत्र शिवले. उजवा हात तेवढा मोकळा. भूक — पाल्याची — खिडकी उघडीच —
बिनडोक अळ्या. पण माप — कुठे सुरकुती नाही, काखेतसुद्धा — आता बोटांशी आल्यात, अगदी नखांच्या